सुखश्राव्य संगीताची न छापलेली नावे

पाश्चात्त्य देशांत ज्याला 'ईझी लिसनिंग' म्हणतात त्या सुखश्राव्य संगीतावर गेली साठ-सत्तर वर्षे एकच आरोप होत आला आहे: हे संगीत गोड आहे आणि गोडव्यापलीकडे त्यात काही नाही. हा आरोप सर्वस्वी खोटा नाही. साधारण १९५० ते १९८० या काळात अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मनीत निघालेल्या अशा शेकडो लाँग प्ले रेकॉर्डींपैकी कोणतीही उचलली तरी आतला ऐवज बहुतेक सारखाच निघतो. एखादे फ्रेंच प्रेमगीत, एखादी इटालियन चाल, गाजलेल्या चित्रपटाची मुख्य धून, लॅटिन अमेरिकेतले नृत्यगीत आणि त्या वर्षी लोकांच्या तोंडी असलेली दोन-चार इंग्रजी गाणी, असा तो ऐवज व्हायोलिनांच्या ताफ्यावर आणि मुलायम कोरसवर बसवलेला असतो. मूळ गाण्यातले दुःख, थट्टा, राग आणि बोलीचा खरखरीतपणा या प्रवासात पुष्कळसा गळून पडतो, हे मान्यच केले पाहिजे.

माझा आक्षेप मात्र दुसरीकडे आहे. अशा रेकॉर्डीच्या वेष्टनावर वाद्यवृंदप्रमुखाचे नाव ठळक अक्षरांत असते आणि मूळ गीतकार-संगीतकारांची नावे तबकडीवरच्या गोल कागदावर कंसात बारीक छापलेली असतात. पण ती चाल त्या विशिष्ट रीतीने कोणी बांधली, व्हायोलिने कोणी वाजवली आणि कोरसमध्ये कोण गायले, याचा बहुधा पत्ताच नसतो. ज्या संगीतात चाल उसनी, शब्द उसने किंवा अजिबात नाहीत, आणि जे काही नवे आहे ते केवळ बांधणीत आणि वाजवण्या-गाण्यात आहे, त्याच संगीतात बांधणाऱ्यांची आणि वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांची नावे गाळली गेली, ही त्याची खरी खोट आहे. हा प्रश्न जुन्या तबकड्यांच्या शौकिनांपुरता राहत नाही. नाव कोणाचे छापायचे यावर मोबदला कोणाला मिळणार हे ठरते, कायद्याने कलावंत कोणाला मानायचे हे ठरते, आणि आज मोबाइलवर 'झोपेसाठी', 'अभ्यासासाठी' अशा शीर्षकांखाली तासन् तास वाहणारे संगीत नक्की कोणाचे, हेही त्याच प्रश्नाशी येऊन भिडते.

रे कॉनिफ यांचे उदाहरण घेऊ, कारण या प्रकारातले कौशल्य आणि अन्याय ही दोन्ही त्यांच्या कामात एकत्र दिसतात. १९१६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ॲटलबरो येथे जन्मलेले कॉनिफ ट्रॉम्बोनवादक होते. बनी बेरिगन, आर्टी शॉ, हॅरी जेम्स अशा नामांकित बँडप्रमुखांच्या हाताखाली त्यांनी वाजवण्याचे आणि संयोजनाचे, म्हणजे तयार चाल कोणत्या वाद्यांवर आणि आवाजांवर कशी बसवायची हे लिहून देण्याचे (अरेंजिंगचे), काम केले. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर मिच मिलर यांनी त्यांना कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत घेतले, आणि पुढची काही वर्षे इतरांच्या गाण्यांचे संयोजन करण्यात गेली. डॉन चेरी, गाय मिचेल, जॉनी मॅथिस यांची त्या काळातली कितीतरी लोकप्रिय गाणी कॉनिफ यांनी बांधलेली आहेत, आणि श्रोत्यांना ती अर्थातच गायकांच्या नावानेच ठाऊक आहेत. १९५६ मध्ये स्वतःच्या नावावर पहिली लाँग प्ले करायची संधी मिळाली तेव्हा त्यांनी एक साधीच पण आधी कोणी इतक्या नेमाने न वापरलेली युक्ती केली. गायकांना त्यांनी शब्द दिलेच नाहीत. स्त्रियांचे आवाज ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटसारख्या उंच पट्टीतल्या वाद्यांच्या बरोबरीने आणि पुरुषांचे आवाज ट्रॉम्बोन व सॅक्सोफोनच्या बरोबरीने, नेमक्या त्याच सुरांवर, 'दा-दा-दा' असे चालवले. माणसाचा गळा आणि पितळी वाद्य एकाच सुरावर इतके चिकटले की ऐकणाऱ्याला तिसरेच एखादे वाद्य वाजत असल्याचा भास व्हावा. पुढे शब्दांसह गाणारा मोठा गायकवृंद त्यांनी उभा केला. 'डॉक्टर झिवागो' या १९६५ च्या चित्रपटासाठी मॉरिस जार यांनी बांधलेल्या चालीला शब्द चढवून या वृंदाने १९६६ मध्ये गायलेले गाणे अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत चढले आणि त्यासाठी ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. गंमत अशी की, ज्या कादंबरीवर सोव्हिएत संघात १९८८ पर्यंत बंदी होती, तिच्यावरच्या चित्रपटातील चालीने घरोघरी पोचलेल्या याच कॉनिफना १९७४ मध्ये मॉस्कोत बोलावणे आले आणि तिथल्या स्थानिक गायकवृंदाला घेऊन त्यांनी मेलोदिया या सरकारी कंपनीसाठी रेकॉर्ड केली. शब्द काढून घेतलेल्या किंवा सौम्य केलेल्या संगीताला सीमा ओलांडताना फारशी अडचण येत नाही, हा त्याचा गुण म्हणावा की दोष, हे ज्याने त्याने ठरवावे.

कॉनिफ स्वतः संयोजक होते आणि वेष्टनावर त्यांचेच नाव होते, म्हणजे निदान संयोजकापुरता न्याय झाला. पण हा अपवाद आहे. नियम पाहायचा तर मांतोवानींकडे जावे लागते. व्हेनिसमध्ये १९०५ साली जन्मून इंग्लंडमध्ये वाढलेल्या या व्हायोलिनवादकाच्या वाद्यवृंदाने १९५१ मध्ये १९२० च्या दशकातल्या एका मूकपटासाठी बांधलेली जुनी वॉल्ट्झ नव्याने ध्वनिमुद्रित केली आणि ती जगभर गेली. तीत व्हायोलिनांचे सूर एकावर एक ओघळत जातात, प्रत्येक सूर पुढच्या सुरात मिसळूनही मागे रेंगाळत राहतो, आणि स्टुडिओत वाजलेले संगीत एखाद्या मोठ्या देवळाच्या घुमटाखाली वाजल्यासारखे भासते. यात यंत्राची करामत नाही. व्हायोलिनवादकांचे गट पाडून चालीचा एकेक सूर एकेका गटाला वाटून दिला आहे. पहिला गट आपला सूर धरून ठेवतो, तेवढ्यात दुसरा गट पुढचा सूर घेतो, आणि अशा रीतीने प्रतिध्वनी कागदावरच लिहून काढलेला आहे. त्याला सगळे जग 'मांतोवानी साउंड' म्हणते. हे तंत्र शोधून लिहून काढणारा माणूस मात्र रॉनल्ड बिंज होता, डर्बी गावचा, चर्चच्या कोरसमध्ये गात वाढलेला, मूकपटांच्या काळात चित्रपटगृहात ऑर्गन वाजवून पोट भरलेला संयोजक. जाणकारांना त्याचे नाव ठाऊक आहे, त्याच्या स्वतंत्र रचनाही इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाल्या. परंतु ज्या आविष्काराने या संगीतप्रकाराचा चेहरामोहरा ठरला, त्याला चिकटलेले नाव दुसऱ्याचे आहे. मांतोवानींनी ते चोरले असे कोणी म्हणत नाही. ते उत्तम वाद्यवृंदप्रमुख होते आणि त्यांच्या शिस्तीवाचून ती व्हायोलिने तशी वाजलीच नसती. त्या काळच्या व्यापाराची रीतच अशी होती की एका रेकॉर्डीला एकच नाव विकायचे.

या रीतीचा फटका संयोजकाला बसतो तसा मूळ कर्त्यालाही बसतो, आणि तिथे तो कितीतरी जास्त क्रूर असतो. जोहान्सबर्गच्या एका स्टुडिओत १९३९ मध्ये सॉलोमन लिंडा आणि त्यांच्या साथीदारांनी 'म्बुबे' हे झुलू गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याची तबकडी फिरत फिरत अमेरिकेत पोचली, पीट सीगर यांच्या वीव्हर्स या चौकडीने ते उचलले, आणि १९५२ मध्ये गॉर्डन जेंकिन्स यांच्या भरगच्च वाद्यवृंदासह ते अमेरिकन श्रोत्यांपुढे आले. वेष्टनावरची नावे वीव्हर्सची आणि जेंकिन्सची. कर्ता म्हणून 'पॉल कॅम्पबेल' हे अस्तित्वातच नसलेल्या माणसाचे नाव. परदेशी चाल म्हणजे कोणा एकाची नसलेले लोकगीत, असे गृहीत धरण्याची तेव्हाची सवय किती महागात पडली ते पुढच्या इतिहासात दिसते. लिंडांनी आपले हक्क दहा शिलिंगांना विकले आणि १९६२ मध्ये ते जवळजवळ निष्कांचन अवस्थेत वारले. गाणे नवनवे शब्द आणि वेश घेऊन जगभर गाजत राहिले, आणि त्यांच्या मुलींना न्याय्य वाटा मिळण्याची तडजोड व्हायला २००६ साल उजाडले. आंतरराष्ट्रीय गाण्यांच्या सुखश्राव्य संग्रहांकडे पाहताना हे प्रकरण डोळ्याआड करता येत नाही. परक्या मुलुखातले गाणे घेऊन ते आपल्या श्रोत्यांसाठी नव्याने बांधणे ही कला आहे, पण त्या कामात कोणाचे काय आहे हे नोंदवून ठेवले नाही तर उसने घेणे आणि लुबाडणे यांत फरक करायला जागाच उरत नाही.

आता एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. जे संगीत मूळ गाण्याला गुळगुळीत करून टाकते, त्याच्या बांधणाऱ्याला मान कशाला द्यायचा? या आक्षेपाला माझे उत्तर असे की नाव छापणे म्हणजे हार घालणे नव्हे. दोष द्यायचा तरी कोणाला द्यायचा, हे त्याखेरीज कळणार कसे? वाङ्मयात अनुवादकाचे नाव पुस्तकावर असते म्हणूनच अनुवाद वाईट झाला असे आपण जबाबदारीने म्हणू शकतो. ज्या संयोजकाने एखाद्या शोकगीताचा पार्टीत वाजवण्याजोगा तुकडा करून ठेवला, त्याचे नाव समोर असेल तर त्याच्या कामाची चिकित्सा होईल. नाव नसेल तर 'हे संगीतच उथळ' असा सरसकट निकाल लागतो, आणि त्या निकालात बिंजसारखा शोधक माणूस आणि रतीब घालणारा कारागीर एकाच पंगतीला बसतात. सुखश्राव्य संगीताची समीक्षा इतकी दरिद्री राहिली याचे एक कारण मला हेच वाटते.

गायकवृंदाची आणि स्टुडिओतल्या वादकांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि तिचे मूळ एका संपात सापडते. १ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स या वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली, रेकॉर्डीसाठी वाजवणेच बंद केले. रेकॉर्डी आणि ज्यूकबॉक्स (नाणे टाकून रेकॉर्ड वाजवण्याची यंत्रे) यांमुळे हॉटेलांतून, रेडिओ केंद्रांतून वादकांची रोजी बुडते आहे; तेव्हा विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रेकॉर्डीमागे काही रक्कम कंपन्यांनी बेकार वादकांच्या निधीत भरावी, ही मागणी होती. डेक्का कंपनी वर्षभराने नमली. कोलंबिया आणि व्हिक्टर यांनी १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत ताणून धरले. या दोन वर्षांत वादक नव्हते, पण गायक त्या संघटनेचे सभासद नसल्यामुळे त्यांना बंदी लागू नव्हती. म्हणून कंपन्यांनी वाद्यवृंदाच्या जागी कोरस उभा केला. फ्रँक सिनात्रा यांची १९४३ मधली कोलंबियासाठीची गाणी बॉबी टकर सिंगर्स या गायकवृंदाच्या साथीने, एकाही वाद्याविना ध्वनिमुद्रित झालेली आहेत. लोकप्रिय गाण्यामागे कंठांची मऊ गादी अंथरण्याची जी सवय पुढे या संगीतप्रकाराची खूण बनली, ती पक्की होण्यात या संपाचा हात होता. नृत्याचे मोठे बँड चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मोडले तेव्हा त्यांतले अनेक वादक स्टुडिओंच्या आश्रयाला गेले, आणि सुखश्राव्य रेकॉर्डींच्या ताफ्यात बसलेली मंडळी बरीचशी तीच होती. ज्यांनी काही वर्षांपूर्वी मंचावर उभे राहून एकल वादन केले होते, ते आता पडद्याआड बसून नेमून दिलेले सूर वाजवू लागले.

संपातून एक चांगली गोष्ट निघाली. १९४८ मध्ये कायद्याच्या चौकटीत बसेल असा विश्वस्त निधी स्थापन झाला आणि रेकॉर्डींच्या विक्रीतून येणारी रक्कम त्यात जमा होऊ लागली. तो निधी अमुक रेकॉर्डीवर वाजवणाऱ्या अमुक वादकाला पैसे देत नव्हता, त्यातून लोकांसाठी विनामूल्य कार्यक्रम होत. पण रेकॉर्डीच्या नफ्यावर वाजवणाऱ्यांचा सामूहिक हक्क आहे हे तत्त्व त्याने मान्य करून घेतले. शिवाय संघटनेच्या करारांमुळे प्रत्येक ध्वनिमुद्रणाला कोण कोण हजर होते याचे कागद तयार होत राहिले. म्हणजे नावे कोणाला माहीत नव्हती हे खरे नाही. नावे हिशेबाच्या वहीत होती, फक्त वेष्टनावर नव्हती.

गायकवृंदातल्या गायिकेचे नाव केव्हा कळते? कॉनिफ यांच्याच बाबतीत एक प्रसंग नोंदलेला आहे. २८ जानेवारी १९७२ रोजी व्हाइट हाउसमध्ये 'रीडर्स डायजेस्ट'च्या पन्नासाव्या वर्षानिमित्त अध्यक्ष निक्सन यांच्यासमोर रे कॉनिफ सिंगर्सचा कार्यक्रम होता. गाणे सुरू होण्याआधी वृंदातल्या कॅरल फेरासी या गायिकेने व्हिएतनामवरील बॉम्बहल्ल्यांच्या निषेधार्थ 'हत्या थांबवा' अशा आशयाचा कापडी फलक उलगडला आणि थेट अध्यक्षांना उद्देशून चार वाक्ये सुनावली. थोड्या वेळाने कॉनिफ यांनी तिला निघून जायला सांगितले, ती गेली आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला. दुसऱ्या दिवशी तिचे नाव सगळ्या वर्तमानपत्रांत होते. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या, नेमके सूर लावून आपले काम चोख करणाऱ्या इतरांची नावे कोणी विचारली नाहीत. फेरासीची कृती मला धैर्याची वाटते, त्याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु ज्या व्यवस्थेत गाणाऱ्या व्यक्तीचे नाव ती गाणे थांबवील तेव्हाच कळते, ती व्यवस्था गाणे या कामाला काय किंमत देते हे वेगळे सांगायला नको.

या बेनावपणाला व्यापारी तत्त्वज्ञानाचा दर्जा मिळाला तो म्युझॅकमुळे. १९३४ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने कारखाने, कचेऱ्या आणि दुकाने यांना तारांवरून संगीत पुरवले. पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत वेग आणि भरणा हळूहळू चढवत न्यायचा, मग पंधरा मिनिटे शांतता ठेवायची, असे कामगारांच्या उत्साहाचे गणित तिने मांडले. या संगीताची पहिली अट अशी की ते लक्ष देऊन ऐकले जाऊ नये. ज्याकडे लक्ष जाऊच द्यायचे नाही, त्याचे नाव कोण विचारणार? (वॉशिंग्टनच्या बस आणि ट्रामगाड्यांतून सक्तीने रेडिओ ऐकवण्याचे प्रकरण १९५२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि निकाल वाहतूक कंपनीच्या बाजूने लागला, न्यायमूर्ती फ्रँकफर्टर मात्र आपण स्वतःच या प्रकाराचे बळी असल्याने आपल्या भावना तीव्र आहेत, असे सांगून सुनावणीतून बाजूला झाले.) टीकाकारांनी पुढे कॉनिफ, मांतोवानी, पॉल मॉरिया, जेम्स लास्ट या सगळ्यांना 'लिफ्टमधले संगीत' या एकाच खात्यात टाकले. हे खाते चुकीचे आहे. मॉरिया यांनी बसवलेली आंद्रे पॉप यांची चाल १९६८ मध्ये अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली ती लोकांनी दुकानात जाऊन, पैसे मोजून, घरी नेऊन ऐकली म्हणून. हीच चाल आदल्या वर्षी व्हिएन्नात झालेल्या युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेत शब्दांसह गायली गेली तेव्हा चौथी आली होती. शब्द गेले, वाद्ये आली आणि ती जगाची झाली. या बदलात संयोजनाचा वाटा किती, याचा याहून ढळढळीत पुरावा मिळणे अवघड आहे.

संयोजकांना हे पुरते कळत होते आणि पैसे कुठे आहेत तेही कळत होते. मॉरिया आणि फ्रँक पूर्सेल या दोन फ्रेंच वाद्यवृंदप्रमुखांनी साठच्या दशकाच्या आरंभी स्वतः एक चाल बांधली आणि ती डेल रोमा व जे. डब्ल्यू. स्टोल अशा टोपणनावांनी बाजारात आणली. इंग्रजी शब्द लेवून ती १९६३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली. दुसऱ्यांच्या चाली आयुष्यभर सजवणाऱ्यांनी वाटा मिळवण्यासाठी स्वतःची चाल बांधावी लागावी, यावरून कायद्याचा कल कळतो. चाल बांधणाऱ्याला प्रत्येक वादनामागे रॉयल्टी आणि ती नव्याने उभी करणाऱ्याला एकरकमी बिदागी, हा तो कल आहे.

आपल्याकडे हा कल अधिकच तीव्र आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्यवृंद आला तो मुख्यतः गोव्याच्या वादकांबरोबर, कारण पोर्तुगीज अमलातल्या चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जात असे. अण्णा म्हणजे सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'तला १९५१ मधला तो झुलता, पाश्चात्त्य थाट उभा करण्यात आल्डोण्याच्या अँटोनिओ वाझ ऊर्फ चिक चॉकलेट या ट्रम्पेटवादकाचा वाटा मोठा होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू आणि थोर संयोजक. १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेण्याचे धाडस त्यांनी केले. तरी देशाला त्यांचे नाव पाठ झाले ते १९७७ मध्ये शिष्याने कृतज्ञतेने एका विनोदी गाण्यात गुंफले म्हणून, आणि तेही गाणाऱ्या पात्राचे नाव म्हणून. आपल्या मराठीतली गोष्ट फार निराळी नाही. अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल यांनी कितीतरी संगीतकारांच्या चालींचे संयोजन केले, पण सामान्य श्रोता त्यांना ओळखू लागला तो त्यांनी 'अनिल-अरुण' या नावाने 'अष्टविनायक'सारख्या चित्रपटांना स्वतः चाली दिल्यावर. मॉरिया आणि पूर्सेल यांनी जो मार्ग धरला तोच हा मार्ग, फक्त यात टोपणनाव नव्हते.

कायद्याकडे पाहिले तर १९५७ च्या प्रतिलिपी अधिकार (कॉपीराइट) अधिनियमात संगीतरचनेचे 'संयोजन' हे रूपांतर म्हणून उल्लेखलेले आहे. म्हणजे संयोजन करण्याचा अधिकार मूळ मालकाकडे, आणि संयोजकाला सहकर्ता मानण्याची प्रथा नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क करारानेही सोडून देता येणार नाही असा केला आणि कलावंतांनाही वाटा दिला. हे मोठे पाऊल होते, आणि त्यासाठी लढलेल्यांचे ऋण मान्य करायला हवे. परंतु त्याच दुरुस्तीत कलावंताच्या व्याख्येला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी पुरवणी, जोडलेले आहे. चित्रपटात ज्याचे सादरीकरण प्रासंगिक वा आनुषंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीसह कुठेच दिले जात नाही, त्याला, आपले सादरीकरण विकृत केले जाऊ नये एवढा एक हक्क सोडला तर, कलावंत मानायचे नाही. हे परंतुक लिहिताना गर्दीतून चालत जाणारे नट मनात असतील, असे मी धरून चालतो. पण त्याची भाषा वाचली की कोरसमधल्या गायिकेने आणि तिसऱ्या रांगेतल्या व्हायोलिनवादकाने धास्तावले पाहिजे. नाव न देण्याची धंद्याची सवय हा मुळात अन्याय. कायद्याने त्या सवयीलाच हक्क नाकारण्याच्या कसोटीत बसवले. ज्याने नाव गाळले त्यालाच गाळल्याचा फायदा मिळावा, असा हा प्रकार आहे. २०१८ मध्ये भारत ज्या जागतिक करारात सामील झाला, त्यात आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा कलावंताचा हक्क स्पष्टपणे सांगितला आहे, आणि अपवाद केवळ वापराच्या पद्धतीमुळे नाव देणे शक्य नसेल तिथपुरता आहे. परंतुकातले 'धंद्याची रीत' हे निमित्त त्या कराराच्या भावनेशी जुळत नाही. ते काढून टाकावे, किमान ध्वनिमुद्रणात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना ते लागू नाही असे स्पष्ट करावे.

यावर निर्मात्यांचे नेहमीचे म्हणणे असे की साठ जणांचा वाद्यवृंद आणि वीस जणांचा कोरस यांची नावे छापणार कुठे, आणि त्या मंडळींनी ठरलेले पैसे घेतलेच आहेत. पहिला मुद्दा लाँग प्लेच्या वेष्टनावर थोडाफार खरा होता. आज नोंदीला जागेची टंचाई नाही. डिजिटल फाइलबरोबर कितीही नावे पाठवता येतात आणि स्पॉटिफायसारख्या सेवेने २०१८ पासून गाण्याबरोबर श्रेयनामावली दाखवण्याची सोयही केली आहे. ती बहुधा रिकामी असते, कारण कंपन्या ती भरत नाहीत. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. एकरकमी बिदागी घेणे हा वादकाचा स्वखुशीचा निर्णय असू शकतो, आणि पडलेल्या रेकॉर्डीचा तोटा त्याला सोसावा लागत नाही हेही खरे. म्हणून प्रत्येक व्हायोलिनवादकाला प्रत्येक रेकॉर्डीमागे टक्केवारी द्या, असे मी म्हणत नाही. संयोजकाचे म्हणणे वेगळे आहे, कारण त्याचे काम त्या दिवसापुरते नसते. ते कागदावर उतरते आणि वर्षानुवर्षे वाजत राहते. इच्छा असेल तर वाटा देता येतो याचे उदाहरणही आहे. 'वेस्ट साइड स्टोरी' चित्रपटात नायिकेच्या तोंडी आपला आवाज देणाऱ्या मार्नी निक्सन यांना कंपनीने रॉयल्टी नाकारली तेव्हा संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन यांनी स्वतःच्या हिश्शातला पाव टक्का त्यांना दिला. एका मोठ्या माणसाच्या औदार्यावर हे सोपवावे लागू नये, इतकेच.

आजच्या 'मूड' यादींनी या प्रश्नाला विचित्र वळण दिले आहे. स्वीडनमधील 'दागेन्स न्यूहेतर' या दैनिकाने २०२४ मध्ये उजेडात आणले की तिथल्या एका संगीतकाराने साडेसहाशेहून अधिक वेगवेगळ्या कलावंतनावांनी शांत वाद्यसंगीत स्पॉटिफायवर आणले आहे आणि ते अब्जावधी वेळा वाजले आहे. मांतोवानींच्या काळी एका नावामागे शंभर माणसे झाकली जात. आता शेकडो खोट्या नावांमागे एक माणूस दडतो. दोन्हीकडे ऐकणाऱ्याला कोणाचे काम ऐकतो आहोत हे कळत नाही, आणि दोन्हीकडे नावाची अदलाबदल ही पैशाच्या वाटपाशी बांधलेली आहे. यंत्राने तयार केलेले संगीत याच यादींत मिसळू लागल्यावर तर नावामागे माणूस आहे का, हेच विचारावे लागेल. म्हणून संगीतसेवांना नोंदींची सक्ती करणारा नियम हवा: ध्वनिमुद्रणाबरोबर मूळ रचनाकार, संयोजक आणि प्रत्यक्ष गाणारे-वाजवणारे यांची खरी नावे दिल्याशिवाय ते प्रसारित होऊ नये. टोपणनाव वापरण्याची मोकळीक असू द्यावी, पण त्यामागची व्यक्ती हक्कांच्या नोंदवहीत सापडली पाहिजे.

यातला बराचसा भाग संसदेत आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांत ठरेल आणि त्याला वेळ लागेल. एक गोष्ट मात्र कोणत्याही कायद्यावाचून उद्यापासून करता येईल. आकाशवाणीवर मराठी गाणे लागण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे सांगण्याची शिस्त आहे, आणि त्या शिस्तीमुळेच कवींची नावे ज्यांनी कवितासंग्रह कधी उघडला नाही अशा घरांतही माहीत झाली. जिथे संयोजकाची नोंद उपलब्ध आहे तिथे त्याच निवेदनात ते चौथे नाव उच्चारावे. आणि जिथे नोंद नाही तिथे ती त्या ध्वनिमुद्रणांना हजर असलेल्या, आज ऐंशीच्या घरात असलेल्या वादकांकडून ते हयात आहेत तोवर विचारून लिहून घ्यावी.